बिनएसीच्या जुन्या मारुती ८०० मध्ये एसी बसवायचाय? मग हे सगळं आधी वाचा

मारुती ८०० बनायची जानेवारी २०१४ मध्ये थांबली पण स्टँडर्ड मॉडेल, म्हणजे बिनएसीच्या ८००, अजून भरपूर फिरतायत. कुणाच्या घरात आजोबांनी घेतलेली आहे, कुणी शिकायला म्हणून स्वस्तात उचललेली आहे, आणि एप्रिल-मे आला की अकोला, जळगाव, चंद्रपूरकडे दुपारी त्यात बसवत नाही. नवीन गाडी घ्यायची नाहीये, ही विकायची पण नाहीये, मग एसी बसवता येतो का? येतो, आणि नीट बसतो. कारण कंपनीने याच बॉडीत, याच ७९६ सीसी तीन सिलेंडर इंजिनावर एसी मॉडेल वर्षानुवर्षं विकलंय, म्हणजे कॉम्प्रेसर कुठे बसणार, पाइप कुठून जाणार हे सगळं आधीच ठरलेलं आहे. पद्मिनी किंवा जुन्या जीपमध्ये ब्रॅकेट वेल्डिंग करून बनवत बसावं लागतं तसं इथे नाही. ओम्नीवाल्यांना पण यातलं बरंचसं उपयोगी पडेल, फक्त तिथे इंजिन सीटखाली असल्यामुळे पाइप लांब जातात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण सगळं काम त्याभोवती फिरतं. एसी थंडी तयार करत नाही, तो केबिनमधली उष्णता उचलून पुढे ग्रिलमागच्या कंडेन्सरमधून बाहेर टाकतो. त्यामुळे तुमचा जास्तीत जास्त पैसा आणि लक्ष गाडीच्या तोंडाशी गेलं पाहिजे, म्हणजे कंडेन्सर, त्याचा फॅन, रेडिएटर, आणि त्यानंतर व्हॅक्युमवर (गॅस भरण्याआधी पंपाने आतली हवा आणि ओलावा काढणं). लोक मात्र सगळी चर्चा कॉम्प्रेसरची करतात आणि मग ट्रॅफिकमध्ये गरम हवा येते म्हणून दरवर्षी गॅस भरत बसतात.

आधी गाडी एसी झेलेल का ते बघा

सगळ्यात आधी कागद. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, नंतर पाच-पाच वर्षांनी फिटनेस करून रिन्यू करावं लागतं आणि एप्रिल २०२२ पासून त्याची फी चांगलीच वाढलीय. गाडी रिन्यूअलला आली असेल तर आधी ते उरकून घ्या, पत्रा गंजलाय म्हणून फिटनेसला अडकली तर एसीचा खर्च पाण्यात जाईल.

मग इंजिन. कार्ब्युरेटरच्या ८०० ला नवी असताना साधारण ३७ हॉर्सपॉवर होती आणि त्यातली दोन-तीन, भर उन्हात कधी त्याहून जास्त, कॉम्प्रेसर खातो. मोठ्या गाडीला हे कळत पण नाही, ८०० ला लगेच कळतं. म्हणून गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलेंडर किती दाब धरतो ते) करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे, तिन्ही सिलेंडरमधला फरक साधारण १ किलोच्या (प्रति चौरस सेंटिमीटर) आत हवा. फरक जास्त असेल, मागून निळा धूर येत असेल, तर आधी इंजिनाचं काम करा, एसी पुढच्या वर्षी. क्लच प्लेट घसरत असेल तरी तेच. सीएनजी किंवा एलपीजी किट असेल तर ताकद अजून थोडी कमी मिळते हे धरून चला.

नंतर कूलिंग. रेडिएटरचं झाकण उघडून (इंजिन थंड असताना) आत बघा, गंजाचं लाल पाणी दिसलं तर रेडिएटर काढून रॉडिंग (सळईने नळ्या साफ करणं) करा किंवा नवाच घाला, आणि शक्य असेल तर एसी मॉडेलचाच घ्या. गरम होते म्हणून आपल्याकडे सर्रास थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून टाकलेला असतो, तो परत बसवा. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर झाकण बदला. पाण्याऐवजी कूलंट भरा. रेडिएटरच्या पुढे आता अजून एक तापलेली जाळी येणार आहे, तेव्हा आत्ता जी गाडी घाटात काटा वर नेते ती एसी लावल्यावर उकळणारच.

शेवटी अल्टरनेटर. हिशोब सोपा आहे. कॉम्प्रेसरचा मॅग्नेटिक क्लच (एसी लावला की कॉम्प्रेसर बेल्टला जोडणारा) ३-४ अँपिअर, कंडेन्सर फॅन ८-१० अँपिअर, ब्लोअर फुल स्पीडला जवळपास तेवढाच, म्हणजे विसेक अँपिअर नवीन लोड. रात्री पावसात हेडलाइट, वायपर, रेडिएटर फॅन सगळं एकदम चालू असेल तर जुना छोटा अल्टरनेटर पुरत नाही आणि दोष बॅटरीला लागतो. तुमच्या अल्टरनेटरवरचा आकडा वाचा आणि एसी मॉडेलला कितीचा होता तो ऑटो इलेक्ट्रिशियनला विचारून त्याच आकड्याचा घ्या.

सामान कुठून आणि कसं घ्यायचं

दोन रस्ते आहेत. एक, बाजारातलं पूर्ण नवीन किट. दोन, भंगारात निघालेल्या एसी ८०० चं सगळं सामान उचलायचं आणि त्यातलं काही नवीन घालायचं. मुंबईत कुर्ला, पुण्यात नाना पेठ, अशा ठिकाणी विचारलं की मिळतं. मला दुसरा रस्ता आवडतो, पण अट एकच, तुमच्याच पिढीच्या गाडीचं सामान हवं, कार्ब्युरेटरच्या गाडीला कार्ब्युरेटरचं, एमपीएफआयला (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या गाडीला) एमपीएफआयचं. तुकड्या-तुकड्याने चार गाड्यांचं गोळा केलं की पाइपची तोंडं जुळत नाहीत.

जुनं चालेल असं: ब्रॅकेट, दोन खाचांची क्रँक पुली (बिनएसीच्या गाडीला कॉम्प्रेसरच्या बेल्टची खाच नसते, हे लोक विसरतात), टेन्शनर, डॅशबोर्डमधला कूलिंग युनिटचा डबा, फॅनचं आवरण, आयडल-अपचं (एसी लावला की आयडलिंग वाढवणारं) सामान, वायरिंग हार्नेस. हार्नेस कापून नाही, प्लगसकट काढून आणा.

नवीनच घ्यायचं असं: कंडेन्सर, ड्रायर, एक्स्पान्शन वॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस मापाने सोडणारा), सगळे ओ-रिंग, बेल्ट, आणि रबरी होज. ड्रायरच्या बाबतीत तर अजिबात तडजोड नको, त्याच्या आत ओलावा शोषणारे दाणे असतात आणि भंगारातला ड्रायर महिनोनमहिने उघडा पडून हवेतलं पाणी पिऊन बसलेला असतो. नव्याच्या तोंडावरची बुचं सुद्धा अगदी शेवटी, पाइप जोडायच्या क्षणीच काढायची. कोकणात किंवा पावसाळ्यात काम करत असाल तर हे दुप्पट महत्त्वाचं.

कॉम्प्रेसर जुना घेत असाल तर असा तपासा. क्लचच्या पुढची चकती हाताने फिरवा, एकसारखी फिरली पाहिजे, मध्ये अडकायला नको. सक्शनच्या, म्हणजे गॅस आत ओढणाऱ्या तोंडावर अंगठा ठेवून फिरवलं की ओढ जाणवली पाहिजे. थोडं ऑइल बाहेर काढून पांढऱ्या कागदावर टाका, काळं असेल किंवा चंदेरी चमक दिसली तर तो कॉम्प्रेसर तिथेच ठेवून निघा, फुकट दिला तरी घेऊ नका, त्यातली धातूची पूड सगळ्या सिस्टीममध्ये पसरते. मल्टिमीटरने क्लचच्या कॉइलचा रेझिस्टन्स बघा, साधारण ३ ते ४ ओहम यायला हवा.

हल्ली बॅटरीवर चालणारे छतावरचे १२ व्होल्टचे एसी दिसतात. ते ५० अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतात, ८०० च्या अल्टरनेटरचं ते काम नाही.

गॅस कोणता

नव्वदीच्या सुरुवातीच्या गाड्यांत आर-१२ असायचा. ओझोनचा थर खराब करतो म्हणून माँट्रियल करारात तो बंद ठरला आणि भारतात २०१० पर्यंत त्याचं उत्पादन थांबलं. त्यामुळे तुम्ही सगळी सिस्टीम आर-१३४ए ची बनवायची. फरक फक्त गॅसचा नाही. आर-१२ बरोबर मिनरल ऑइल चालायचं, आर-१३४ए बरोबर ते मिसळत नाही, कॉम्प्रेसरपर्यंत परत पोचत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो, म्हणून पॅग नावाचं सिंथेटिक ऑइल लागतं. ओ-रिंग पण त्याच गॅसचे, बहुतेक हिरव्या रंगाचे मिळतात. जुने रबरी होज आर-१३४ए हळूहळू झिरपू देतात, आतून प्लॅस्टिकचा थर असलेले बॅरिअर होज घ्या.

काही ठिकाणी स्वस्तात ‘मिक्स गॅस’ भरून देतात ज्यात एलपीजीसारखे पेट घेणारे गॅस असतात. थंड होतं, खोटं नाही, पण कूलिंग कॉइल तुमच्या पायापाशी डॅशबोर्डमध्ये असते आणि तिथे लीक झाला तर तो गॅस बंद केबिनमध्ये येतो. भरू देऊ नका. सीलबंद कॅन तुमच्यासमोर उघडायला सांगा.

बसवण्याचा क्रम

बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि केबिनपासून सुरुवात करा कारण ते सगळ्यात वेळखाऊ आहे. ग्लोव्ह बॉक्स काढला की ब्लोअरची बाजू उघडी होते, कूलिंग युनिटचा डबा ब्लोअरच्या पुढे जोडला जातो म्हणजे ब्लोअरची हवा कॉइलमधून गाळून पुढे जाते. डबा बसवण्याआधी कॉइल बाहेर काढून फ्लश करा, नायट्रोजनने वेगळी तपासा, फिन सरळ करा. नंतर ती लीक निघाली तर सगळा डॅशबोर्ड परत खोलावा लागेल. एक्स्पान्शन वॉल्व्हचा जो तांब्याचा बल्ब असतो तो कॉइलच्या बाहेर जाणाऱ्या पाइपला घट्ट क्लिप करून वरून काळी इन्सुलेशन टेप गुंडाळायची, उघडा राहिला तर वॉल्व्हला बाहेरचं तापमान लागतं आणि तो चुकीचा उघडतो. एसीच्या थर्मोस्टॅटची (रेडिएटरचा वेगळा) सळई फिनमध्ये व्यवस्थित खुपसा, कॉइलवर बर्फ जमण्याआधी कॉम्प्रेसर बंद करणं हे तिचं काम.

आता पाणी निघायचा पाइप. हा दोन-चार रुपयांचा रबरी पाइप नीट उताराने खाली बाहेर काढा, कुठे दुमडला तर पाणी कार्पेटखाली साचतं आणि ८०० चा फ्लोअर तर असाही गंजायला टपलेला असतो. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून जिथे जिथे पाइप-वायर जातात तिथे रबरी ग्रॉमेट आणि वरून सिलंट लावा. नुसती थंडी जाते म्हणून नाही, जुन्या गाडीचा सायलेन्सर कुठेतरी लीक असू शकतो आणि काचा बंद करून एसी लावल्यावर तो कार्बन मोनॉक्साइड आत ओढला जायला नको. त्याच कारणासाठी सायलेन्सरचे जॉइंट पण याच वेळी तपासा. हीटर असेल तर त्याचा कॉक पूर्ण बंद होतोय ना बघा, नाहीतर एकीकडे कॉइल थंड करणार आणि पुढे हीटर तीच हवा गरम करणार.

इंजिनकडे आलात की आधी क्रँक पुली बदला, मग ब्रॅकेट, मग कॉम्प्रेसर. पुल्या एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून बघा, थोडा जरी तिरपा असला तरी बेल्ट किंचाळतो आणि महिन्याभरात फाटतो. बेल्टचा ताण इतकाच की मधोमध अंगठ्याने जोरात दाबलं तर ८-१० मिलिमीटर खाली जाईल. ऑइलचं नीट वाचा: नवीन कॉम्प्रेसरमध्ये बहुतेक वेळा पूर्ण सिस्टीमचं ऑइल भरूनच येतं, तसं स्टिकरवर असेल तर वर अजून टाकू नका, जास्त ऑइलने पण कूलिंग कमी होतं. जुन्यातलं सगळं काढून लेबलवरच्या मापाने नवीन भरा.

कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बाजूच्या फटी फोमच्या पट्टीने बंद करा. मला विचाराल तर अख्ख्या कामात सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. फटी उघड्या असल्या की गाडी उभी असताना इंजिनाची गरम हवा वळसा घालून परत पुढे येते आणि फॅन तीच तीच गरम हवा ओढत राहतो. फॅनची दिशा पण हातात कागद धरून तपासा, वायर उलटी लागली की फॅन उलटा फिरतो आणि चालत्या गाडीत समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडत बसतो.

पाइप जोडताना प्रत्येक ओ-रिंगला कॉम्प्रेसर ऑइलचं बोट फिरवा, दोन पाने वापरा, एकाने धरायचं एकाने कसायचं, नाहीतर ॲल्युमिनियमचा पाइप पिळून जातो.

वायरिंग

लाइटच्या वायरला जोड मारून एसी चालवू नका. बॅटरीवरून फ्यूज लावून स्वतंत्र ४ एमएमची वायर घ्या, क्लच आणि फॅन वेगवेगळ्या रिलेवर. क्लचच्या लाइनमध्ये दोन गोष्टी ओळीने यायलाच हव्यात: थर्मोस्टॅट आणि प्रेशर स्विच. प्रेशर स्विच गॅस गळून गेला तर कॉम्प्रेसर फिरू देत नाही, आणि फॅन बंद पडून प्रेशर प्रचंड वाढलं तरी तोडतो. ‘त्याची गरज नाही, डायरेक्ट करून देतो’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. ब्लोअर बंद असेल तर कॉम्प्रेसर चालू होताच कामा नये अशी जोडणी हवी.

कार्ब्युरेटरच्या गाडीत आयडल-अप लागतोच. एसीचं बटण दाबलं की एक सोलेनॉइड वॉल्व्ह उघडतो, इंजिनाचा व्हॅक्युम छोट्या डायफ्रामला मिळतो आणि तो थ्रॉटल किंचित ओढतो. आधी एसीशिवायचं आयडलिंग बरोबर सेट करा, मग एसी लावून आयडल-अपचा स्क्रू फिरवून साधारण हजार आरपीएमच्या आसपास आणा. काही जण आयडल-अप न लावता नुसता आयडलिंगचा स्क्रूच वाढवून देतात, मग एसी नसताना गाडी विनाकारण पेट्रोल जाळत गुरगुरत राहते. एमपीएफआय गाडीत हे काम ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) करतो, पण त्याला एसी चालू झालाय हे कळायला हवं, म्हणून तिथे एसीचा सिग्नल ईसीएमला नेऊन क्लचचा रिले त्याच्याच हातात द्यायचा. हे वायरिंग डायग्राम समोर ठेवूनच करा, अंदाजाने नाही.

नायट्रोजन, व्हॅक्युम, मग गॅस

इथून पुढे मशीन आणि अनुभव असलेल्या एसीवाल्याकडेच जा, पण तुम्ही शेजारी उभे रहा. गॅस हातावर किंवा डोळ्यात उडला तर जागच्या जागी गोठवतो.

आधी कोरडा नायट्रोजन १५० पीएसआयपर्यंत भरून प्रत्येक जॉइंटला साबणाचं पाणी लावायचं आणि तासभर काटा बघायचा. साधी हवा भरू नका, तिच्यात पाणी असतं, आणि ऑक्सिजन तर कधीच नाही, ऑइलबरोबर स्फोट होतो.

मग व्हॅक्युम पंप. कमीत कमी पाऊण तास, पावसाळ्यात तास-दीड तास. नुसती हवा काढायला एवढा वेळ लागत नाही, आतला ओलावा कमी दाबात उकळून वाफ होऊन निघायला लागतो. तो राहिला तर एक्स्पान्शन वॉल्व्हच्या बारीक तोंडावर बर्फ होऊन अडकतो, मग एसी वीस मिनिटं छान चालतो आणि अचानक बंद पडतो. गेजबद्दल एक सांगतो, मुंबईत, समुद्रसपाटीला, काटा २९ इंचाच्या (पाऱ्याच्या) वर जायला हवा, पण पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचाच दाब २८ इंचाच्या आसपास असतो त्यामुळे काटा २८ च्या जवळ थांबला तर पंप खराब आहे असं नाही. महाबळेश्वरला तर पंचवीस-साडेपंचवीसच दिसेल. पंप बंद करून वॉल्व्ह लावून अर्धा तास थांबा. काटा हलला तर लीक किंवा ओलावा आहे, गॅस भरायचा नाही.

गॅस वजनावर भरायचा, काट्याच्या अंदाजावर नाही. एवढ्या छोट्या सिस्टीमला साधारण अर्धा किलोच्या आसपास लागतो, नेमका आकडा किटच्या किंवा मूळ एसी मॉडेलच्या स्टिकरवर असतो तोच धरा. इंजिन चालू असताना फक्त लो साइडने (कॉम्प्रेसरकडे परत येणारी कमी दाबाची बाजू; कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी जास्त दाबाची ती हाय साइड), कॅन उभा धरून वाफेच्या रूपातच आत सोडायचा. इंजिन चालू असताना हाय साइडचा वॉल्व्ह उघडला तर दाब उलटा कॅनमध्ये जाऊन कॅन फुटू शकतो.

भरून झाल्यावर १५०० आरपीएम, ब्लोअर फुल, दारं उघडी ठेवून गेज बघा. ३५ ते ४० डिग्री उन्हात लो साइड ३० ते ४० पीएसआय आणि हाय साइड २०० ते २७० मध्ये असेल तर ठीक. दोन्ही कमी म्हणजे गॅस कमी. दोन्ही जास्त म्हणजे गॅस जास्त झालाय, आत हवा राहिलीय किंवा कंडेन्सरला वारा मिळत नाही. कोणतं ते ओळखायला कंडेन्सरवर पाण्याचा फवारा मारा, प्रेशर झपकन उतरून थंडी वाढली तर वाऱ्याचाच प्रॉब्लेम, फॅन आणि फोम परत बघा. लो जास्त आणि हाय कमी, दोन्ही जवळजवळ आलेत, तर कॉम्प्रेसर थकलेला आहे. लो साइड व्हॅक्युममध्ये जात असेल तर कुठेतरी अडकलंय. मधल्या ग्रिलमध्ये थर्मामीटर ठेवला की उभ्या गाडीत ८ ते १२ डिग्री मिळायला हवं.

चालवताना

गाडी उन्हात उभी होती तर आधी काचा खाली करून दोन-तीन मिनिटं चालवा, आतली भट्टी बाहेर जाऊ द्या, मग एसी. गाडी सुरू करताना आणि बंद करण्याआधी एसी बंद. खंबाटकी किंवा कसारा चढताना चार माणसं असतील तर बटण बंद करून चढा आणि वर गेल्यावर लावा, टेम्परेचरचा काटा बघत रहा. मायलेज थोडं कमी होणारच, शहरात जास्त जाणवेल. छताच्या आत आणि फ्लोअरला इन्सुलेशन शीट टाकली आणि दारांची रबरं बदलली तर या छोट्या सिस्टीमला खूप मदत होते.

विमा रिन्यू करताना एसी इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी म्हणून बिलासकट जाहीर करा. त्याच्या किमतीवर ४ टक्के जादा प्रीमियम लागतो, पण न सांगता बसवलेल्या एसीचे पैसे अपघातात मिळत नाहीत. म्हणून पक्कं बिल घ्या.

पहिल्या महिन्यात नवीन बेल्ट सैल होतो, तो एकदा ताणून घ्या आणि जॉइंटवर ऑइलचा ओलसर डाग दिसतोय का बघा, जिथे ऑइल तिथे लीक. आणि हिवाळ्यात एसी लागत नसला तरी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवा, कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील ऑइलने ओलं राहिलं तरच ते गॅस धरून ठेवतं.